वरळीच्या गल्लीत जपानचा बँजो

(आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे सापडेल.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आज मधेमधे बँड वाजणार आहे.

सुरुवातीला एक प्रश्न. तुमच्या फोनमध्ये एखादं तरी कोळीगीत असणारच. हळदीच्या प्लेलिस्टमध्ये असेल, शाळेच्या गॅदरिंगच्या जुन्या व्हिडिओत असेल, नाहीतर कुणाच्या तरी रीलखाली. ते गाणं सुरू झालं की पहिल्या चार-पाच सेकंदांत आपण म्हणतो, 'हां, हे कोळी आहे.' आता सांगा, कशावरून ओळखलंत? शब्द तर अजून सुरूही झालेले नसतात. आपण ओळखतो तो ठेका आणि वाद्यांचा आवाज. मग ही वाद्यं कोळ्यांची आहेत का? असली तर कधीपासून? आणि नसली तर ती कोळीवाड्यात पोचली कशी?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो वरळी कोळीवाड्यात घालवलेल्या एका वीकेंडमुळे. कॉलेजमधला एक मित्र तिथला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, फेब्रुवारीत. आम्ही पाचजण पुण्याहून निघालो, दादरला उतरलो, तिथून बस पकडली आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी पोचलो. सोमवारी सकाळी परत निघालो. मधल्या दिवसांत जेवढं लाइव्ह म्युझिक ऐकलं, तेवढं मी तिकीट काढून कुठल्या फेस्टिव्हलमध्येही ऐकलं नव्हतं. परत आल्यावर त्या आवाजांचा माग काढत गेलो, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय.

गाव आधी, शहर नंतर

जागा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल. नकाशात वरळीचं उत्तरेकडचं टोक बघा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला माहीमची खाडी. त्या टोकावर वरळीचा किल्ला आणि किल्ल्याला खेटून कोळीवाडा. घरं एवढी जवळजवळ, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाजूला व्हावं लागतं. गोलफादेवीचं देऊळ इथलंच. बाहेर पडून धक्क्यावर उभं राहिलं की समोर वांद्रे-वरळी सी-लिंक. २००९ साली सुरू झालेला तो पूल आपण सगळ्यांनी सिनेमात शंभर वेळा पाहिलाय. कोळीवाडा मात्र त्या फ्रेममध्ये क्वचितच येतो.

खरं तर क्रम उलटा आहे. मुंबई सात बेटांची होती हे आपण शाळेत शिकलो. वरळी हे त्यातलं एक बेट, आणि तिथे कोळी होते. १५३४ च्या तहात ही बेटं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. साधारण १६७५ च्या सुमाराला इंग्रजांनी वरळीचा किल्ला बांधला, खाडीतून कोण येतंय-जातंय यावर नजर ठेवायला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं समुद्राचं तोंड बांध घालून बंद केलं. तो हॉर्नबी वेलार्ड. हाजी अलीसमोरून जो लाला लजपतराय मार्ग जातो ना, तो त्याच बांधावरून.

म्हणजे तहात, लग्नात, भाड्यात बेटाचे मालक बदलत गेले. मासे पकडणारी माणसं तीच राहिली. पण मालक बदलले की जहाजं बदलतात, आणि जहाजांबरोबर सामान येतं. त्या सामानात वाद्यंही असतात. आजची गोष्ट इथून सुरू होते.

शनिवार: बँजो, जो बँजो नाही

(मागे बँजो पार्टीचा आवाज)

शनिवारी हळद. गल्लीच्या तोंडाशी एक छोटा टेम्पो उभा होता. त्यावर स्पीकर, मागे जनरेटर, पुढे ढोल, ताशे, इलेक्ट्रॉनिक पॅड, आणि मधोमध स्टँडवर एक लांबट पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि एका बाजूला बटणांची रांग. वाजवणारा पंचविशीतला असेल. उजव्या हाताने तारा छेडत होता आणि डाव्या हाताची बोटं बटणांवर इतकी भराभर पळत होती, की आमच्यातली एकजण म्हणाली, "हा टायपिंग करतोय का?"

मला तेव्हा हसू आलं. नंतर कळलं की ती अगदी बरोबर बोलली होती.

मुंबईत ज्याला आपण बँजो म्हणतो, तो मुळात बँजो नाहीच. खरा बँजो म्हणजे लांब मान आणि गोल, चामडं ताणलेलं अंग. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकन माणसांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून तो घडवला. आपल्या गोविंदात, गणपतीत आणि हळदीत वाजतो तो बुलबुलतरंगाचा भाऊ. आणि बुलबुलतरंगाचं मूळ आहे जपानात.

१९१२ साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या संगीतकाराने एक वाद्य तयार केलं. जपानमध्ये कोतो नावाचं जुनं, मोठं, शिकायला अवघड असं तंतुवाद्य आहे. मोरितांना घराघरांत वाजवता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी टाइपरायटरची कल्पना उचलली. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते आणि स्वर मिळतो. बोटाने अचूक जागा शोधायची गरजच नाही. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. म्हणजे ताइशो काळातला कोतो.

स्वस्त, हलकं आणि पटकन शिकता येणारं हे वाद्य पुढच्या काही दशकांत जपानी मालाबरोबर आशियाभर आणि त्याच्याही पलीकडे गेलं. ते कुठे कुठे रुजलं ते ऐका. मकरानच्या किनाऱ्यावर, म्हणजे कराचीच्या पश्चिमेला, बलुच लोकांनी त्याला लांब आणि मोठं केलं. तिथे त्याचं नाव बेंजू. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोंबासामध्ये तारब नावाचं लग्नांत गायलं जाणारं संगीत आहे, तिथे त्याला ताइशोकोतो म्हणतात. आणि आपल्याकडे तो झाला बुलबुलतरंग, मग बँजो.

मकरान, मोंबासा, मुंबई. नकाशावर बोट फिरवा, तिन्ही ठिकाणं एकाच समुद्राच्या काठावर आहेत. आणि तिन्हीकडे या वाद्याला लग्नसमारंभात जागा मिळाली. मला ही गोष्ट फार आवडली. मोंबासाच्या लग्नातल्या माणसाला वरळीचा बँजो ऐकवला तर ठेका त्याला परका वाटेल, पण तारेचा तो टणत्कार तो ओळखेल.

मुंबईने यात स्वतःची भर घातली. मूळ वाद्याचा आवाज नाजूक, एका खोलीपुरता. लालबाग-परळच्या मिरवणुकीत तो कुणाला ऐकू जाणार? मग त्याला पिकअप लागला, वायर लागली, ॲम्प्लिफायर आला, आणि घरात बसून वाजवायचं वाद्य टेम्पोवर चढलं. बटणांच्या या वाद्यात एक अडचण आहे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाता येत नाही, म्हणजे मींड नीट येत नाही. त्यावर वाजवणाऱ्यांनी उपाय काढला. एकच स्वर इतक्या वेगाने छेडायचा की तो अखंड वाटावा. तुम्हाला बँजोची जी थरथर आठवते ती हीच. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा या वादकांची मोठ्या पडद्यावर जरा चर्चा झाली. एरवी आपण त्यांच्यासमोर नाचतो आणि त्यांचं नावही विचारत नाही.

आमच्या त्या बँजोवाल्याला ब्रेकमध्ये गाठलं. आठवडाभर तो एका ऑफिसात नोकरी करतो, वाजवतो ते शनिवार-रविवारी आणि सणाला. कुठे शिकलास, असं विचारल्यावर म्हणाला, "मामा वाजवायचा, बघून बघून आलं." कागदावरचे स्वर त्याला वाचता येत नाहीत. मोबाइलवर गाणं दोनदा ऐकतो आणि वाजवतो. मी त्याला जपानची गोष्ट तेव्हा सांगू शकलो नाही, कारण मलाच माहीत नव्हती. हा एपिसोड त्याच्या मोबाइलवर पाठवलाय.

दहा वाजल्यानंतर

रात्री दहाला टेम्पोवरचा जनरेटर बंद झाला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण ते सणांसाठी. आमच्या ग्रुपमध्ये लगेच 'शी यार, संपलं' सुरू झालं.

संपलं नव्हतं. मांडवात सतरंजीवर बायका बसल्या आणि गायला लागल्या. माईक नाही, वाद्य नाही. एक ओळ एकीने म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. मध्येच कुणीतरी नवऱ्याकडच्यांना चिडवणारी ओळ घुसवायची आणि सगळ्यांनी हसायचं. मित्राची आजी मधोमध बसली होती. तिचा आवाज पातळ झालाय, पण सूर लावला की बाकीच्या गप्प व्हायच्या.

यातली काही गाणी धवले होती. हा शब्द लक्षात ठेवा. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी समाजात धवलारीण नावाची बाई असते. लग्नातल्या एकेका विधीचं एकेक गाणं असतं, ते ती गाते. अनेक ठिकाणी पूर्वी भटजी नसायचाच, धवलारीणच लग्न लावायची. म्हणजे गाणं हाच विधी. ते गायल्याशिवाय पुढची गोष्ट होत नाही. आजी स्वतः धवलारीण नाही. तिने तिच्या सासूकडून काही धवले उचलले, तेवढे तिला येतात.

"आजी, एवढेच का? बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे तिच्यासंगती गेले, बाला," ती म्हणाली. "तवा कुनाला ठावं, इचारून ठेवायला पायजे ते?"

हे तिने अगदी सहज सांगितलं, पान लावता लावता. पण मला वाटतं, या सगळ्या वीकेंडमध्ये खरं जुनं काही ऐकलं असेल तर ते त्या रात्री दहानंतर. स्पीकर बंद झाल्यावर. बँजो तुटला तर नवा मिळतो. बँड वाजवणारे दुसरे मिळतात. धवले मात्र एका माणसाच्या डोक्यात असतात आणि दुसऱ्या डोक्यात गेले नाहीत तर संपतात.

रविवार: फौजेचा बँड

(मागे ब्रास बँडचा आवाज. हेडफोनवाल्यांनी सांभाळा.)

रविवारी लग्न, आणि सकाळपासून ब्रास बँड. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठमोठे पितळी भोंगे, साइड ड्रम आणि पोटावर बांधलेला मोठा ड्रम. मुंबईच्या कोळी लग्नाला हा बँड नसेल तर लग्न अळणी वाटतं, असं मित्राचे काका म्हणाले. बँडच्या पुढे बायकांची रांग, कमरेवर हात, पावलं अगदी मोजून. दोन आजीबाई तर इतक्या ठेक्यात होत्या, की आमच्या जिममध्ये जाणाऱ्या मित्राला दहाव्या मिनिटाला बाजूला बसावं लागलं आणि त्या नाचतच राहिल्या.

आता हा बँड कुठून आला? सरळ उत्तर, फौजेतून. ब्रिटिश पलटणींचे बँड असायचे. परेडला, साहेबाच्या मेजवानीला, बागेत संध्याकाळी ते वाजायचे. संस्थानिकांनी ते पाहिले आणि स्वतःचे बँड उभे केले. तिथून ते लग्नाच्या वरातीत आले. क्लॅरिनेट हे वाद्य जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये साधारण १७०० च्या सुमाराला घडलं. ते आज वरळीच्या गल्लीत नवरीच्या पुढे वाजतंय.

दुसरा धागा गोव्याचा. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना युरोपीय संगीत शिकवलं जायचं, स्वर वाचायला आणि लिहायला सुद्धा. ही मुलं मोठी होऊन मुंबईत आली. फौजेच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवू लागली. 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं माहितीये ना? ते नाव गोव्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालांचे ते गुरू. पितळी वाद्यं आणि व्हायोलिन या शहराच्या कानात बसली, त्यात या गोवेकरांचा मोठा वाटा आहे.

पण बँड वाजवत काय होता? 'मी डोलकर' वाजलं आणि सगळी गल्ली गायला लागली. आता या गाण्याची गोष्ट बघा. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. समुद्रात खांबांना बांधतात, भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी आत येते. ते जाळं लावणारा तो डोलकर. शब्द अस्सल कोळी कामातला. पण गीत लिहिलं शांता शेळके यांनी. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा, समुद्रापासून लांब. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायलं लता मंगेशकरांनी आणि हेमंतकुमारांनी, आणि हेमंतकुमार तर बंगालचे. रेडिओवरून आणि रेकॉर्डवरून हे गाणं कोळीवाड्यांत पोचलं, बँडवाल्यांनी उचललं आणि लग्नात वाजायला लागलं. पुढे कॅसेटच्या काळात वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी'सारख्या खुद्द कोळीवाड्यातल्या मंडळींनी स्वतःची गाणी रेकॉर्ड केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. म्हणजे गाणं स्टुडिओतून गावात आलं, तसं गावातून स्टुडिओतही गेलं. आजीला विचारलं, हे 'डोलकर' कुणाचं? ती म्हणाली, "आमचंच."

मग अस्सल काय?

रविवारी रात्री धक्क्यावर बसलो होतो. सी-लिंकचे दिवे लागले होते. आमच्यात वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, "बँजो, डीजे, पॅड, हे सगळं येऊन खरं कोळी संगीत संपलंय. आता उरलाय तो नुसता गोंगाट."

मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. धवल्यांचं काय झालंय ते आदल्या रात्रीच ऐकलं होतं. पण वाद्यं बाहेरून आली म्हणून संगीत संपलं, हे इतिहासात बसत नाही. बँजो जपानचा, क्लॅरिनेट जर्मनीचं, बँडची शिस्त ब्रिटिश फौजेची, लाडकं गाणं इंदापूरच्या कवयित्रीचं. ही यादी काढून टाकली तर आपण ज्याला 'कोळी आवाज' म्हणतो त्यातलं फारसं काही उरणार नाही. बंदरात राहणारी माणसं आहेत ही. जे समुद्रावरून आलं ते त्यांनी हातात घेऊन पाहिलं, कामाचं वाटलं ते ठेवलं आणि आपल्या ठेक्यात बसवलं.

मग ते कोळी कशामुळे झालं? मित्राच्या काकांनी याचं उत्तर दिलं, आणि ते संगीताबद्दल बोललेच नाहीत. ते म्हणाले, "वाजवणारे पैसे घेऊन येतात नि जातात. नाचणारं गाव हाय म्हनून वाजतं."

गाव आहे म्हणजे काय? नाचायला गल्ली आहे, मांडव घालायला घरासमोर जागा आहे, जाळी सुकवायला मोकळं अंगण आहे, बोटी लावायला धक्का आहे. लग्नाच्या तारखा आणि सुट्ट्या समुद्राच्या हिशोबाने ठरतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. श्रावणात नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ मिरवत नेऊन समुद्राला द्यायचा, आणि तेव्हाही बँड असतोच. काम, सण आणि वाजवणं एकमेकांत गुंतलेलं आहे. यातलं काम काढलं तर बाकीचं किती दिवस टिकेल?

हा प्रश्न वरळीत हवेतला नाही. कोस्टल रोडचं काम इथल्या समुद्रात आलं, तेव्हा कोळ्यांनी पुलाच्या खांबांवर हरकत घेतली. मूळ आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळ्यांचं म्हणणं, वाऱ्यात आणि लाटांत बोट सरळ रेषेत चालत नाही, तिला हेलकावायला जागा लागते, नाहीतर ती खांबावर आदळेल. त्यांनी २०० मीटर मागितले. काम अडवलं, बोटी घेऊन समुद्रात उभे राहिले. शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये १२० मीटरचा निर्णय झाला. २०२४ मध्ये रस्ता सुरू झाला. आपण त्यावरून दहा मिनिटांत पुढे जातो आणि खिडकीतून खाली दिसणाऱ्या बोटींचा फोटो काढतो. त्या बोटी तिथून बाहेर पडू शकतात, कारण काही माणसांनी मीटरसाठी भांडण केलं.

जमिनीचीही तीच कथा. कोळीवाड्यांच्या हद्दी नेमक्या कुठवर, कुठला भाग गावठाण आणि कुठला झोपडपट्टी, हा वाद मुंबईत वर्षानुवर्षं चाललाय. कागदावर अंगण नसेल तर इमारत उभी राहते. इमारतीच्या आठव्या मजल्यावर हळद लागते, हॉलमध्ये डीजे लागतो, तेही छानच असतं. पण गल्लीतून बँडच्या पुढे नाचत जाणारी रांग तिथे मावत नाही.

आणि ही गल्ली गप्प झाली की कसं वाटतं, हेही या लोकांनी पाहिलंय. २०२० च्या मार्च महिन्याच्या शेवटी मुंबईत सगळ्यात आधी जे भाग सील झाले, त्यात वरळी कोळीवाडा होता. टीव्हीवर नाव सारखं यायचं. मित्र सांगत होता, त्या दिवसांत बाहेर ॲम्ब्युलन्सशिवाय आवाज नव्हता. त्या उन्हाळ्यात ठरलेली लग्नं झाली ती चार माणसांत. नंतर पहिल्यांदा जेव्हा गल्लीत बँड आला, तेव्हा लग्न कुणाचं आहे हे न विचारता माणसं खाली उतरली, म्हणे.

माझ्या मित्राचा वाद तिथेच थांबला असं नाही. ट्रेनमध्येही तो भांडत होता, की डीजेने आजीचे धवले ऐकू येत नाहीत त्याचं काय? हे त्याचं खरं आहे. त्याला माझं उत्तर एवढंच, की डीजे दहाला बंद होतो. त्यानंतर आपण मोबाइलवर रील बघत बसतो, की सतरंजीवर जाऊन बसतो, हे आपल्या हातात आहे.

तुमच्यासाठी काम

म्हणून आज तुम्हाला दोन कामं देतो. दोन्ही सोपी आहेत.

पहिलं. तुमच्या घरात, गावात, चाळीत लग्नाची गाणी येणारी एखादी आजी, मावशी, काकी असेल. समाज कुठलाही असो. ओवी असेल, धवला असेल, उखाणा असेल, घाण्याचं गाणं असेल. तिला विचारा आणि तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवा. आमच्या मित्राने परवा आजीचे अकरा धवले रेकॉर्ड केले. बहिणीने ते वहीत उतरवलेत आणि त्यातले दोन तिला आता पाठ येतात. तुमच्या फोनमध्ये एवढी जागा नक्की आहे. नसेल तर 'गुड मॉर्निंग'चे फोटो उडवा.

दुसरं. पुढच्या वेळी वरातीत नाचाल तेव्हा पाच मिनिटं थांबून वाद्यांकडे बघा. बँजोवाल्याची बोटं बघा. त्याला नाव विचारा, कुणाकडून शिकलास ते विचारा. आणि वरळीला, माहीमला, वेसाव्याला, कुठल्याही कोळीवाड्यात गेलात तर किल्ल्यावर सेल्फी जरूर काढा, पण कुणाच्या अंगणात, कुणाच्या बोटीवर कॅमेरा लावण्याआधी विचारा. सुकत घातलेल्या बोंबलांवर पाय पडणार नाही एवढंही बघा, नाहीतर जे गाणं ऐकू येईल ते मला इथे लावता येणार नाही.

तुमच्या भागात लग्नाला कुठलं वाद्य वाजतं आणि ते कुठून आलं असं तुम्हाला वाटतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवीन. आजच्या भागात जो बँजो ऐकलात तो त्या शनिवारी मीच रेकॉर्ड केला होता, वादकाला विचारून. शेवटी पूर्ण दोन मिनिटं लावतोय. ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!

(बँजो, ढोल, ताशा. मागे लोकांच्या शिट्ट्या.)